दोन किलोमीटर उघडी तार

कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या एका पतसंस्थेचं संगणकाचं काम मी गेली बरीच वर्षं बघते. संस्था मध्यम आकाराची आहे. सभासद बहुतेक व्यापारी पेठेतले, उद्यमनगरातले छोटे कारखानदार, दूधवाले, निवृत्त शिक्षक. मुख्य कचेरी शाहूपुरीत आणि एक शाखा राजारामपुरीत. खात्यांचं सॉफ्टवेअर एका व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे खऱ्या मशीनच्या आत सॉफ्टवेअरनं उभ्या केलेल्या मशीनवर, चालतं, सह्यांचे नमुने आणि कर्जाची कागदपत्रं दुसऱ्यावर. एवढाच पसारा, पण त्यात हजारो घरांचा पैसा आहे. ही गोष्ट मी कधी विसरू शकत नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा चढली. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. त्या वेळी पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं. जयंती नाल्यातून ते उलटं शहरात शिरलं आणि आमच्या गल्लीत आलं. सर्व्हरची खोली तळमजल्यावर होती. शिपाईमामा आणि मी रात्री गुडघाभर पाण्यात उभं राहून मशीन रॅकमधून काढलं आणि जिन्यानं वर नेलं. डिस्क वाचल्या. पण पुढचे कितीतरी दिवस काउंटर बंद राहिला, आणि औषधाला पैसे हवे असलेली माणसं राजारामपुरीच्या शाखेत येऊन हात हलवत परत गेली. पैसे तिथल्या तिजोरीत होते, पण कुणाच्या खात्यावर किती हे सांगणारं मशीन शाहूपुरीत अंधारात पडून होतं.

पाणी ओसरल्यावर आम्ही ठरवलं की डिस्क राजारामपुरीत ठेवायच्या. ती बाजू उंचावर आहे, तिथं नदी येत नाही. मशीन चालवायचं शाहूपुरीतच, कारण कर्मचारी तिथं. पण डिस्क दुसऱ्या मजल्यावर, राजारामपुरीच्या शाखेत. पूर आला तर तिथल्याच छोट्या मशीनवर तीच डिस्क लावून काम सुरू करायचं. दोन्ही ठिकाणांमध्ये जेमतेम दोन किलोमीटर अंतर. स्थानिक केबलवाल्याकडून फायबर घेतलं. काचेतून जायला प्रकाशाला किलोमीटरमागं साधारण ५ मायक्रोसेकंद लागतात, त्यामुळं अंतराचा त्रास होणार नव्हता आणि झालाही नाही. परीख पुलाखाली पावसात तळं होतं, माणसं तासभर अडकतात, पण वरून खांबांवरून गेलेली तार मजेत चालू असते.

डिस्क पलीकडं पोचवायला मी एनबीडी वापरलं, म्हणजे नेटवर्क ब्लॉक डिव्हाइस. लिनक्सच्या जगात हे १९९७ पासून आहे. काम अगदी साधं: अमुक ठिकाणापासून इतके बाइट दे, अमुक ठिकाणी हे बाइट लिही. इकडच्या मशीनला वाटतं आपल्याला डिस्क जोडली आहे, आणि प्रत्यक्षात ती तारेच्या दुसऱ्या टोकाला असते. क्यूईएमयू, म्हणजे आमची व्हर्च्युअल मशीनं चालवणारा प्रोग्रॅम, त्यात हे आतूनच येतं, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. १०८०९ हे त्याचं ठरलेलं पोर्ट, म्हणजे मशीनवरच्या दाराचा क्रमांक. मी दोन संध्याकाळींत ते चालू केलं आणि वर्षभर त्याकडं वळून पाहिलं नाही.

जानेवारी २०२१ मध्ये एका दुपारी काउंटरवरून तक्रार आली की पासबुक छापायला वेळ लागतोय. तारेवर गर्दी कसली आहे हे बघायला मी टीसीपीडम्प लावलं, आणि पाकिटांच्या आतला मजकूर अक्षरांत दाखवायला सांगितलं. पडद्यावर सरसर ओळी जायला लागल्या. बहुतेक ठिपके आणि कचरा. देवनागरीत साठवलेला मजकूर अशा ठिकाणी ठिपक्यांतच दिसतो. पण खात्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये नावं इंग्रजीतही आहेत, आणि ती स्वच्छ वाचता येत होती. आडनाव, नाव, गाव, खाते क्रमांक, मोबाइल क्रमांक. एक नाव माझ्या ओळखीच्या काकूंचं होतं. त्यांनी मुलीच्या लग्नासाठी काढलेलं कर्ज मी कधी कुणाकडून ऐकलं नव्हतं, आणि आता ते माझ्यासमोर पडद्यावर होतं.

मी ते बंद केलं. तक्रारीचं कारण वेगळंच निघालं, एका क्लार्कच्या मशीनवर अपडेट चालू होतं. पण माझं लक्ष आता तिथं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी केबलवाल्याच्या खोलीवर गेले. आमच्या फायबरची दोन्ही टोकं त्याच्या एका स्विचवर येतात आणि तिथून पुढं जातात, हे मला कागदावर माहीत होतं, डोळ्यांनी बघितलं नव्हतं. खोलीचं दार उघडंच. तिथल्या पोराला मी विचारलं, आमच्या लाइनवर लॅपटॉप लावून बघू का. तो म्हणाला, "लावा की ताई, हे पोर्ट रिकामंच हाय." ते रिकामं पोर्ट, म्हणजे स्विचवरची तार खुपसायची जागा, आमच्याच जाळ्यात घातलेलं होतं. मी लॅपटॉप जोडला, त्याला एक पत्ता दिला, आणि राजारामपुरीच्या मशीनला विचारलं: तुझ्याकडं कुठली डिस्क आहे? त्यानं लगेच उत्तर दिलं. आकार, प्रकार, सगळं. पासवर्ड नाही, विचारपूस नाही. पूर आल्यावर दुसरं मशीन जोडता यावं म्हणून मीच एका वेळी दोन जोडण्यांना परवानगी दिली होती, त्यामुळं शाहूपुरीचं मशीन चालू असतानाच माझा लॅपटॉप दुसरा म्हणून आत गेला. मी वाचायला आलेय की लिहायला, हेही त्यानं विचारलं नसतं. त्या क्षणी मी एक ओळ लिहिली असती तर चालू डेटाबेसच्या खालची जमीन सरकली असती.

माझे हात थंड पडले. कुणी तारेतून डोकावेल ही भीती मला काल वाटली होती. कुणीही येऊन डिस्कच उचलून लिहायला लागेल ही भीती त्याहून मोठी होती, आणि ती मला वर्षभर सुचलीच नव्हती. एनबीडीचा मूळ करार असाच आहे: जो पोर्टापर्यंत पोचला तो आपला. एका खोलीतल्या दोन मशीनमध्ये ते चालून जातं. आम्ही ती खोली दोन किलोमीटर लांब केली होती आणि मधल्या भिंती काढून टाकल्या होत्या.

मॅनेजरसाहेबांना सांगायला गेले तेव्हा काय शब्द वापरावेत कळेना. शेवटी सरळ सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हंजे मॅडम, आपण रोज रोकड उघड्या टोपलीतनं परीख पुलाखालनं न्यायलोय म्हणा की." मी म्हटलं, टोपली उघडी आहेच, पण पलीकडचा कॅशिअर कुणाचीही सही न बघता पैसे देतोय, ते जास्त वाईट. हे त्यांना लगेच समजलं. पस्तीस वर्षं त्यांनी सहीचा नमुना जुळवल्याशिवाय एक रुपया दिलेला नाही.

उपाय शोधताना मला तीन-चार वाटा दिसल्या. दोन ठिकाणांमध्ये वायरगार्डचा बोगदा, म्हणजे दोन मशीनमधली सगळी वाहतूक कुलूपबंद नेणारी वाट, टाकायचा, ही सर्वांत सोपी. लिनक्सच्या ५.६ या कर्नलपासून, म्हणजे गाभ्याच्या आवृत्तीपासून, ते आतच आहे, आणि मी ते दुसरीकडं वापरलेलं होतं. मी अर्धा दिवस त्याच्याच बाजूची होते. पण बोगदा मशीनपासून मशीनपर्यंत असतो. त्या मशीनवरचा कुठलाही प्रोग्रॅम, कुठलाही वापरकर्ता बोगद्यातून जाऊन डिस्क मागू शकतो, आणि शाहूपुरीच्या मशीनवर लॉगिन असलेली आणखी दोन माणसं आहेत. दुसरी वाट, व्हर्च्युअल मशीनच्या आतच डिस्क एन्क्रिप्ट करायची. मग तारेतून जाणारं सगळं आपोआप न कळणारं होतं. पण अनोळखी माणूस येऊन त्याच्यावर कचरा लिहू शकतो, ते त्यानं थांबत नाही. कुलूपबंद पेटी रस्त्यावर ठेवल्यासारखं. चोराला उघडता येणार नाही, पण पेटवून देता येईल.

तिसरी वाट टीएलएसची, म्हणजे जोडणीतला मजकूर कुलूपबंद करायचा आणि समोरचा कोण हे सर्टिफिकेट नावाच्या डिजिटल ओळखपत्रावरून तपासायचं. क्यूईएमयूच्या एनबीडीमध्ये टीएलएस २०१६ च्या २.६ आवृत्तीपासून आहे. आमच्याकडं उबुंटू २०.०४ होतं, त्यात ४.२ आवृत्ती. म्हणजे जे हवं ते माझ्या मशीनवर आधीपासून पडून होतं, मी ते चालू केलं नव्हतं एवढंच.

ते कसं चालतं हे मी नीट वाचून काढलं, कारण या वेळी मला अर्धवट काही नको होतं. जोडणी आधी साधीच होते. मग गिऱ्हाईक मशीन, म्हणजे डिस्क मागणारं, म्हणतं, आता टीएलएस सुरू करू. तिथून पुढचं सगळं, डिस्कचं नावसुद्धा, बंद पाकिटात. इथं एक धोका असतो. मध्ये बसलेल्यानं "टीएलएस नाही जमत" असं खोटंच उत्तर दिलं आणि गिऱ्हाइकानं "बरं, मग तसंच चालू" म्हटलं, तर सगळंच फुकट. क्यूईएमयूमध्ये ही पळवाट ठेवलेली नाही. सर्व्हरला, म्हणजे डिस्क देणाऱ्याला, टीएलएस दिलं की त्याशिवाय तो पुढं बोलतच नाही, आणि गिऱ्हाइकाला दिलं की त्याच्याशिवाय तो जोडणीच सोडून देतो. मला हे फार आवडलं. पैशाच्या कामात "जमलं तर" हा शब्द नको.

सर्टिफिकेटं आम्ही बाहेरून घेतली नाहीत. संस्थेचीच एक मूळ सही तयार केली, म्हणजे सीए, आणि तिनं तीन सर्टिफिकेटांवर सही केली: राजारामपुरीच्या स्टोरेजचं एक, शाहूपुरीच्या मशीनचं एक, राजारामपुरीच्या छोट्या मशीनचं एक. हे सगळं सर्टटूल नावाच्या साध्या अवजारानं होतं. मूळ सहीची गुप्त की पेनड्राइव्हवर घेतली आणि मशीनवरून पुसली. पेनड्राइव्ह कुठं ठेवायचा यावर साहेबांनीच तोडगा काढला. संस्थेच्या तिजोरीला दोन किल्ल्या आहेत, एक त्यांच्याकडं, एक कॅशिअरबाईंकडं. दोघं असल्याशिवाय ती उघडत नाही. पेनड्राइव्ह लखोट्यात घालून, लाख लावून तिथं ठेवला. नोंदवहीत नोंद केली. आता नवीन सर्टिफिकेट काढायचं तर आम्हा तिघांना एका वेळी तिजोरीपाशी यावं लागतं. मोठमोठ्या ठिकाणी याच्यासाठी महागडी यंत्रं घेतात. आमच्याकडं ही शिस्त आधीच होती.

पहिला प्रयत्न फसला. शाहूपुरीचं मशीन म्हणालं, सर्टिफिकेटावरचं नाव जुळत नाही. मी सर्टिफिकेटात स्टोरेजचं नाव घातलं होतं आणि जोडणी मात्र आकड्यांच्या पत्त्यानं करत होते. नाव आणि पत्ता दोन्ही सर्टिफिकेटात लिहायला लागतात, नाहीतर ज्या रूपात हाक मारता त्याच रूपात ते सापडायला हवं. तिजोरी पुन्हा उघडली. कॅशिअरबाई काही बोलल्या नाहीत, पण लखोट्याला परत लाख लावताना मला त्यांची माफी मागावीशी वाटली आणि मी ती मागितली.

दुसरी अडचण जास्त शिकवणारी होती. सर्व्हर गिऱ्हाइकाचं सर्टिफिकेट तपासतो, आमच्या सीएची सही दिसली की आत घेतो. पण आमच्या सीएनं उद्या आणखी कशासाठी, समजा प्रिंटरच्या वेबपानासाठी, सर्टिफिकेट दिलं तर ते घेऊनही कुणी डिस्क मागू शकेल. सही खरी आहे एवढं पुरत नाही; ही सही या खात्यावर चालते का, हेही बघायला हवं. ४.० पासून क्यूईएमयूत त्याची सोय आहे: सर्टिफिकेटावरचं पूर्ण नाव जसंच्या तसं जुळलं तरच आत. पूर्ण नाव म्हणजे मशीनचं नाव, संस्था, गाव, राज्य, देश, मध्ये स्वल्पविराम. मी ते कमांडमध्ये लिहिलं आणि सर्व्हर सुरूच होईना. कमांडमध्ये स्वल्पविराम म्हणजे पुढचा पर्याय सुरू झाला असं क्यूईएमयू समजतं. नावातला स्वल्पविराम दोनदा लिहायचा असतो. कोल्हापूर, स्वल्पविराम, आणखी एक स्वल्पविराम, महाराष्ट्र. नावातल्या भागांचा क्रम आणि मोकळी जागासुद्धा अक्षराला अक्षर जुळावी लागते. त्यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली.

मला दोन मशीनना परवानगी द्यायची होती, एकाला नाही. त्यासाठी नावांची यादी वेगळ्या फाइलमध्ये ठेवता येते, आणि तिथं स्वल्पविरामाची कटकटही नसते. नियम लिहायचे, हे नाव चालेल, बाकी सगळ्यांना नकार. त्या फाइलवर सर्व्हरला सतत नजर ठेवायला सांगता येतं. फाइल बदलली की सर्व्हर बंद न करता नवा नियम लागू. हे वाचल्यावर मी खुर्चीतून उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या. ते का, ते पुढं येईल.

वेगाचं सांगते, कारण सगळे तेच विचारतात. आमचं राजारामपुरीचं स्टोरेज मशीन जुनं होतं, त्यातल्या पेंटियम चिपमध्ये एईएस या एन्क्रिप्शनच्या गणितासाठीच्या खास सूचना नव्हत्या. १ गिगाबिटच्या तारेवरून आधी सेकंदाला ११० मेगाबाइटच्या आसपास जायचे, टीएलएस लावल्यावर चिप धापा टाकायला लागली आणि रात्रीचा बॅकअप जवळजवळ पावणेदोन पट लांबला. तुमच्या प्रोसेसरच्या माहितीत एईएस हा शब्द आहे का हे आधी बघा, मी ते आधी बघायला हवं होतं. नवीन मशीनला पैसे मंजूर होईपर्यंत मी दोन्ही टोकांना चाचा२० ही दुसरी पद्धत वापरायला सांगितली. खास सूचना नसलेल्या चिपवर ती एईएसपेक्षा कितीतरी हलकी जाते. बॅकअप पुन्हा वेळेत आला. दिवसाच्या कामावर, पासबुक, व्हाउचर, चेक, यांवर फरक काउंटरवरच्या कुणालाच जाणवला नाही. छोट्या छोट्या नोंदींना वेळ लागतो तो डिस्कचा आणि तारेचा, एन्क्रिप्शनचा त्यात चिमूटभर.

मे महिन्यात लॉकडाऊनमुळं काउंटर अर्धाच दिवस उघडा असायचा. एका संध्याकाळी वळीव आला. राजारामपुरीत एक झाड तारांवर पडलं, वीज गेली, ती पहाटेपर्यंत आली नाही. यूपीएस संपला. वीज आल्यावर स्टोरेज मशीन उठलं, पण डिस्क द्यायला तयार नाही. लॉगमध्ये लिहिलेलं: सर्टिफिकेट अजून लागू झालेलं नाही. मी तीनदा वाचलं. सर्टिफिकेट तर दोन महिने चालू होतं. मग तारीख बघितली. मदरबोर्डवरचा छोटा गोल सेल कधीचा मेलेला होता. यूपीएस असेपर्यंत कळलंच नाही. वीज पूर्ण गेल्याबरोबर घड्याळ वर्षभर मागं गेलं होतं. त्या मशीनच्या दृष्टीनं अजून २०२० सालच चालू होतं आणि सर्टिफिकेट भविष्यातलं होतं. इंटरनेटवरून वेळ घ्यावी तर त्या पहाटे इंटरनेटही नव्हतं.

मी हातानं घड्याळ लावलं आणि सव्वासातला सगळं सुरू झालं. सेल त्याच दिवशी बदलला, तीन आकड्यांच्या आतलं काम. पण त्यानंतर मी वेळेकडं वेगळ्या नजरेनं बघते. मशीन बंद होताना शेवटची वेळ लिहून ठेवते आणि उठताना त्याच्या मागं जात नाही, अशी सोय केली. दोन्ही ठिकाणची मशीन एकमेकांना वेळ विचारतात. घड्याळ जुळेपर्यंत स्टोरेजची सेवा थांबून राहते. टीएलएस लावणाऱ्या प्रत्येकानं हे पहिल्याच दिवशी करावं. सर्टिफिकेटाला तारीख असते, आणि तारखेवर विश्वास ठेवायचा तर घड्याळाचीही तितकीच काळजी घ्यायला लागते.

त्याच आठवड्यात मी पुन्हा टीसीपीडम्प लावलं, सगळं बंद झालं ना हे बघायला. मुख्य पोर्टावर काहीच वाचता येत नव्हतं. मग शेजारच्या १०८१० पोर्टावर नावं दिसली. रात्रीच्या बॅकअपसाठी मी फार पूर्वी एक वेगळी, उघडी सेवा लिहिली होती. ती कुणाला आठवत नव्हती, मलाही नाही. तिलाही सर्टिफिकेट दिलं, आणि फायरवॉलमध्ये त्या दोन पोर्टांपलीकडचं सगळं बंद केलं. एक पोर्ट तपासून समाधान मानलं असतं तर सभासदांची नावं दररोज रात्री त्याच खोलीतून जात राहिली असती.

मग केबलवाल्याच्या खोलीत गेले. तेच पोर्ट, तोच लॅपटॉप, तीच कमांड. या वेळी उत्तर आलं की टीएलएस सुरू झाल्याशिवाय मी काही सांगणार नाही. मग लॅपटॉपवर आमच्याच सीएचं, पण यादीत नसलेलं एक सर्टिफिकेट ठेवून बघितलं. हॅन्डशेक, म्हणजे सुरुवातीची ओळखदेख, झाला, आणि लगेच जोडणी तुटली. मला फार बरं वाटलं. ते रिकामं पोर्टही केबलवाल्यानं आमच्या जाळ्यातून काढून टाकलं, पण आता त्याच्यावर आमची भिस्त नव्हती.

एक गोष्ट स्पष्ट सांगते: यानं रस्ता सुरक्षित झाला, डिस्क नाही. राजारामपुरीतून कुणी स्टोरेज मशीनच उचलून नेलं तर आतलं वाचता येईल. त्यासाठी डिस्कवरचं वेगळं एन्क्रिप्शन लावलं, पण ती दुसरी कहाणी आहे.

आता ती फाइल. दोन मशीनना एकच डिस्क एकाच वेळी उघडू देणं म्हणजे डेटाबेसचा खून. ही भीती मला २०१९ पासून होती, कारण पुरात घाईत शाहूपुरीचं मशीन बंद करायचं राहिलं आणि राजारामपुरीचं सुरू केलं, असं सहज होऊ शकतं. आता माझ्याकडं यादी होती. मी ठरवलं की यादीत कायम एकच नाव राहील, एरवी शाहूपुरीचं. पूर आला की ते काढून राजारामपुरीचं घालायचं. सर्टिफिकेट दोघांकडं आहे, पण दार एकालाच उघडतं. एक मर्यादा आहे: तपासणी आत येताना होते, आधीच आत असलेल्याला सर्व्हर बाहेर काढत नाही. म्हणून आधी शाहूपुरीचं मशीन बंद, मग जोडणी सुटल्याची खात्री, मग यादी बदल, मग राजारामपुरी सुरू. हा क्रम कागदावर लिहून दोन्ही ठिकाणी भिंतीला लावला. जूनमध्ये एका रविवारी साहेबांना शेजारी बसवून रंगीत तालीम केली. त्यांनी स्टॉपवॉच लावलं होतं.

२२ जुलै २०२१ ला पाऊस थांबेचना. २३ तारखेला दुपारपासून गल्लीत पाणी दिसायला लागलं, आणि त्या वर्षी ते २०१९ पेक्षाही वर चढलं. महामार्ग शिरोलीपाशी पाण्याखाली गेला. मी राजारामपुरीच्या शाखेत होते, साहेब शाहूपुरीत. फोनवर मी कागद वाचत होते, ते तिकडं माझ्या सांगण्याप्रमाणं बघत होते. व्हर्च्युअल मशीनं नीट बंद केली. जोडणी सुटली. यादीतली ओळ बदलली. तेवढ्यात साहेबांनी, घाईत, शाहूपुरीचं मशीन एकदा परत सुरू केलं; काहीतरी बघायचं राहिलं म्हणे. लॉगमध्ये मला दिसलं: शाहूपुरीचं मशीन आलं, नाव यादीत नाही, नाकारलं. पुन्हा आलं, पुन्हा नाकारलं. मी फोनवर सांगितलं, "साहेब, राहू द्या आता. मशीन काढा आणि वर न्या." शिपाईमामा त्यांच्याबरोबर होते.

इकडं छोट्या मशीननं डिस्क घेतली. डेटाबेसनं आपली तपासणी केली, एकही नोंद इकडची तिकडं झाली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला जनरेटरवर राजारामपुरीचा काउंटर उघडला. कुंभार गल्लीतून नेसत्या कपड्यांनिशी निघालेलं एक कुटुंब पहिलं आलं. पासबुक घरातच बुडालं होतं. कॅशिअरबाईंनी नाव विचारलं, पडद्यावरचा सहीचा नमुना जुळवला, आणि दहा हजार रुपये मोजून दिले.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात शाहूपुरीचं मशीन खाली आणून जोडलं. ते सुरू झाल्यापासून दर थोड्या वेळानं डिस्क मागत होतं आणि नाकारलं जात होतं. राजारामपुरीचं काम संध्याकाळी सहाला थांबवलं, यादीतली ओळ परत बदलली, आणि पुढच्या खेपेला त्याला डिस्क मिळाली. काउंटरच्या फरशीवरचा चिखल मामा अजून खरवडत होते.